‘अडचण येऊ शकते’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

प्रश्न असा आहे: ‘तुम्हाला अडचणी येऊ शकतात’ हे इंग्रजीत लिहायचं तर ‘यू कॅन फेस डिफिकल्टीज’, ‘यू मे फेस डिफिकल्टीज’, ‘यू माइट एन्काउंटर डिफिकल्टीज’ आणि ‘यू कुड रन इनटू डिफिकल्टीज’ यांतलं बरोबर कोणतं? आणि या चारांत फरक काय?

आधी थोडक्यात उत्तर. शेवटची तिन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिलं काही ठिकाणी चालतं, पण एखाद्या ठरावीक प्रसंगाबद्दल बोलत असाल तर खटकतं. आणि रोजच्या बोलण्यात, ऑफिसच्या मेलमध्ये सगळ्यांत सहज उतरणारं वाक्य या चारांत नाहीच. ते आहे ‘यू मे हॅव सम डिफिकल्टी’ किंवा ‘यू माइट हॅव ट्रबल’. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला ‘हॅव’ हे क्रियापद इथे सुचतच नाही, कारण ते फार साधं वाटतं. भारी शब्द शोधण्याच्या नादात ‘फेस’ आणि ‘एन्काउंटर’ येतात, आणि मग त्यांच्या मागचंपुढचं चुकतं.

खरं तर क्रियापद निवडणं हे तिसरं काम आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: वाक्याच्या तोंडाशी कोणाला बसवायचं, आणि शक्यता किती आहे. हे दोन ठरले की क्रियापद बरंचसं आपोआप ठरतं.

वाक्याच्या तोंडाशी कोण?

मराठीत ‘मला अडचण येते’ म्हणताना येते ती अडचण, आणि माणसाला ‘ला’ लागतो. भूक लागते, राग येतो, त्रास होतो, पंचाईत होते, या सगळ्यांत माणूस असाच बाजूला उभा असतो. इंग्रजीला हे फारसं रुचत नाही. तिथे माणूस कर्ता होतो आणि अडचण कर्माच्या जागी जाते. म्हणून ‘डिफिकल्टी कॅन कम टू यू’ हे शब्दाला शब्द ठेवलेलं वाक्य इंग्रजी माणसाला कळेल, पण त्याच्या तोंडी कधी येणार नाही. ‘यू मे हॅव डिफिकल्टी’ असं उलटवावं लागतं.

अडचणीचं कारण माहीत असेल तर आणखी चांगली सोय आहे: कारणालाच कर्ता करा. ‘या औषधाने गुंगी येऊ शकते’ याचं ‘यू मे फेस ड्राउझिनेस’ करू नका. औषधाच्या वेष्टनावर असतं ते ‘धिस मेडिसिन मे कॉज ड्राउझिनेस’. तसंच ‘द न्यू रूल मे क्रिएट प्रॉब्लेम्स फॉर स्मॉल ट्रेडर्स’, ‘द स्टीप रोड मे पोझ अ प्रॉब्लेम फॉर हेवी व्हेइकल्स’, ‘पुअर नेटवर्क मे मेक इट डिफिकल्ट टू अपलोड द फोटो’. सरकारी पत्रव्यवहारात आणि अहवालात ही रचना फार उपयोगी पडते, कारण कोणामुळे काय होईल हे एकाच वाक्यात सांगून होतं.

आणि हो, अडचणीलाच कर्ता करायचं असेल तर तीही वाट आहे, फक्त क्रियापद ‘कम’ नाही. ‘डिफिकल्टीज मे अराइझ’, ‘प्रॉब्लेम्स मे क्रॉप अप’, बोलताना ‘समथिंग मे कम अप’. पहिलं औपचारिक, दुसरं घरगुती. करारनाम्यात ‘एनी डिस्प्यूट दॅट मे अराइझ’ हे शब्द जागोजागी दिसतात ते याच अर्थाने. पण यांच्या पुढे ‘टू यू’ जोडू नका. ‘अ प्रॉब्लेम मे अराइझ टू यू’ चूक. माणूस सांगायचाच असेल तर ‘फॉर यू’.

‘अकर’ला तर ‘टू’ लागला की अर्थच पालटतो. ‘अ प्रॉब्लेम अकर्ड’ म्हणजे बिघाड झाला. ‘अ प्रॉब्लेम अकर्ड टू मी’ म्हणजे मला एक अडचण सुचली, लक्षात आली. ‘काल रात्री मला एक अडचण आली’ असं कळवायला गेलेल्या माणसाने ‘अ प्रॉब्लेम अकर्ड टू मी लास्ट नाइट’ लिहिलं, तर वाचणारा समजतो की याला रात्री बसल्या बसल्या काहीतरी सुचलं. मदत मागणारा मेल असा वाया जातो.

चौथी वाट ‘इट’ने सुरू होते. ‘इट मे बी डिफिकल्ट फॉर यू टू गेट अ सीट.’ तिचं जुळं भावंड म्हणजे ‘यू मे फाइंड इट डिफिकल्ट टू गेट अ सीट’. मराठीतल्या ‘जड जाईल’, ‘अवघड जाईल’ला याइतका चपखल पर्याय नाही. यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे मधला ‘इट’ गळतो आणि ‘यू मे फाइंड डिफिकल्ट टू गेट’ असं लंगडं वाक्य उरतं. दुसरी जास्त गंभीर: ‘यू मे बी डिफिकल्ट टू अंडरस्टँड धिस चॅप्टर’. इथे अवघड आहे तो धडा, पण वाक्यात अवघड ठरलात तुम्ही! ‘डिफिकल्ट’ हे विशेषण ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच पुढे यायला हवं: ‘धिस चॅप्टर मे बी डिफिकल्ट टू अंडरस्टँड’.

शक्यता किती? ‘शकणे’ आणि ‘कॅन’ यांची गल्लत

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. मराठीतलं ‘शकणे’ तीन कामं करतं. तो पोहू शकतो, ही क्षमता. तुम्ही आता जाऊ शकता, ही परवानगी. उद्या पाऊस येऊ शकतो, ही शक्यता. शाळेत ‘शकणे म्हणजे कॅन’ असं एकदा डोक्यात बसलं की तिन्ही ठिकाणी ‘कॅन’ लिहिलं जातं. पहिल्या दोन ठिकाणी ते बरोबर आहे. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे एका विशिष्ट घटनेच्या शक्यतेबद्दल होकारार्थी वाक्यात, इंग्रजी माणूस ‘कॅन’ वापरत नाही. ‘इट कॅन रेन टुमॉरो’ तो म्हणणार नाही. ‘इट मे रेन’, ‘इट माइट रेन’ किंवा ‘इट कुड रेन’ म्हणेल.

मग ‘कॅन फेस’ कधीच नाही का? आहे, सर्वसाधारण सत्य सांगताना. ‘न्यू ड्रायव्हर्स कॅन फाइंड घाट रोड्स डिफिकल्ट’ हे बरोबर आहे, कारण ते कोणा एकाच्या उद्याच्या प्रवासाबद्दल नाही. असं होत असतं, एवढंच त्यात म्हटलंय. ओळखायची सोपी खूण: मराठी वाक्यात ‘कधी कधी’ घालून पाहा. ते फिट बसलं तर ‘कॅन’ चालेल. ‘कदाचित’ बसत असेल तर ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’. ‘नव्या ड्रायव्हरना घाटात कधी कधी अडचण येऊ शकते’ इथे ‘कॅन’. ‘उद्या घाटात तुम्हाला कदाचित अडचण येऊ शकते’ इथे ‘मे’. ही कसोटी रोजच्या लिखाणात सहसा दगा देत नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, विशेषतः तुम्ही तांत्रिक कागदपत्रं लिहीत असाल तर. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे मानकं लिहिण्याचे जे नियम आहेत त्यांत ‘मे’ म्हणजे परवानगी आणि ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता, असं ठरवून दिलेलं आहे. ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस. तिथे ‘द ऑपरेटर मे एन्काउंटर’ असं लिहिलं तर नियमानुसार त्याचा अर्थ ‘ऑपरेटरला तशी मुभा आहे’ असा होतो. अशा मसुद्यात ‘कॅन’च लिहा. कायद्याच्या भाषेतही ‘मे’ बहुधा अधिकार देतो, शक्यता वर्तवत नाही. बाकी सगळीकडे वर सांगितलेलंच लागू.

‘मे’, ‘माइट’ आणि ‘कुड’ यांच्यात टक्केवारी काढत बसू नका. ‘मे’ म्हणजे पन्नास टक्के आणि ‘माइट’ म्हणजे तीस, असले तक्ते क्लासमध्ये फळ्यावर काढले जातात. खऱ्या वापरात फरक इतका काटेकोर नसतो. ‘मे’ जरा औपचारिक आहे, सूचनाफलक आणि पत्रं त्याचं घर. बोलताना ‘माइट’ जास्त येतो आणि किंचित सैलसर वाटतो. ‘कुड’मध्ये ‘तीही एक शक्यता आहे बरं का’ असा सूर असतो, म्हणून बातम्यांत तो फार दिसतो. मात्र या तिघांच्या वर ‘लाइकली’ आहे आणि तो खरोखर वरचा आहे. हवामान बदलावर अहवाल देणाऱ्या आयपीसीसीने आपल्या शब्दांना आकडे बांधून दिले आहेत: ‘लाइकली’ म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक. रोजच्या लिखाणात इतकं मोजून कोणी वापरत नाही, पण ‘यू आर लाइकली टू फेस डिलेज’ वाचणारा माणूस उशीर होणारच असं धरून चालतो. नुसती शक्यता असेल तर त्याला घाबरवू नका, ‘मे’ लिहा. उलट, अडचण ठरलेलीच असेल तर ‘आर बाउंड टू’.

‘अडचण येण्याची शक्यता आहे’ या मराठी वाक्याचं ‘देअर इज पॉसिबिलिटी टू कम डिफिकल्टी’ होतं, तेही टाळा. शक्यता या अर्थाच्या ‘पॉसिबिलिटी’नंतर आणि ‘चान्स’नंतर ‘टू’ येत नाही. ‘दॅट’ने पूर्ण वाक्य येतं: ‘देअर इज अ चान्स दॅट यू विल हॅव ट्रबल’. आणि ‘यू आर पॉसिबल टू फेस’ तर अजिबात नाही. ‘लाइकली’ला माणूस कर्ता चालतो, ‘पॉसिबल’ला चालत नाही. त्याचबरोबर एका वाक्यात शक्यता एकदाच सांगा. ‘इट इज पॉसिबल दॅट यू मे पर्हॅप्स फेस’ यात तेच तीनदा झालं. ‘मेबी’ हा एक शब्द म्हणजे ‘कदाचित’, तो वाक्याच्या सुरुवातीला. ‘मे बी’ हे दोन शब्द म्हणजे ‘असू शकेल’, ते कर्त्यानंतर. हे जोडून लिहायचं की तोडून यात शिकलेले लोकही गडबडतात.

नकार आणि प्रश्न

नकारार्थी वाक्यात ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ ही तिकडी फुटते. ‘यू मे नॉट हॅव एनी प्रॉब्लेम’, ‘यू माइट नॉट हॅव एनी प्रॉब्लेम’ म्हणजे कदाचित अडचण येणारही नाही. पण ‘कुड नॉट’ आणि ‘कॅनॉट’ म्हणजे शक्यच नाही. होकारार्थी ‘कुड’ आणि नकारार्थी ‘कुड नॉट’ एकमेकांची जोडी नाहीत.

त्यातून ‘फेस’ जर ‘कान्ट’ किंवा ‘कुडन्ट’शी जुळला तर वेगळाच वाक्प्रचार तयार होतो. ‘आय कान्ट फेस इट’ म्हणजे माझ्यात तेवढी हिंमत नाही, माझ्याने होणार नाही. ‘शी कुडन्ट फेस गोइंग टू द ऑफिस’ म्हणजे ऑफिसला जायचं तिच्या जिवावर आलं होतं, धीर होत नव्हता. ‘त्याला काही अडचण आली नाही’ हे सांगायला ‘ही कुड नॉट फेस एनी प्रॉब्लेम’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस अडचणींपुढे कच खाणारा आहे. नोकरीच्या शिफारसपत्रात हे वाक्य गेलं तर काय होईल याचा विचार करा. साधं ‘ही डिड नॉट हॅव एनी प्रॉब्लेम’ पुरे.

प्रश्न विचारताना ‘मे’ सोडून द्या. ‘मे यू फेस एनी प्रॉब्लेम?’ असा प्रश्न होत नाही. उलट ‘मे यू...’ने सुरू होणारं वाक्य आशीर्वादाचं किंवा शापाचं असतं. ‘आर यू लाइकली टू हॅव एनी प्रॉब्लेम?’, ‘डू यू थिंक यू माइट हॅव ट्रबल?’ किंवा कारण पुढे घेऊन ‘कुड धिस कॉज अ प्रॉब्लेम?’ असं विचारा.

आता क्रियापदं

‘फेस’नंतर थेट कर्म येतं. ‘फेस टू प्रॉब्लेम’ नाही, ‘फेस विथ प्रॉब्लेम’ही नाही. ‘विथ’ येतो तो फक्त ‘बी फेस्ड विथ’ या कर्मणी रचनेत: ‘वी मे बी फेस्ड विथ अ शॉर्टेज’. स्पेलिंग एफ-ए-सी-ई, ‘टप्पा’ या अर्थाचा पी-एच-ए-एस-ई हा शब्द वेगळा, त्याच्या शेवटी ‘ज़’चा उच्चार आहे. आपण दोन्ही सारखेच उच्चारतो आणि मग ‘आय ॲम फेजिंग अ प्रॉब्लेम’ लिहून बसतो. चॅटवर आणि तक्रारीच्या फॉर्मवर ही चूक सतत दिसते. ‘आय ॲम फेसिंग अ प्रॉब्लेम’ हे भारतात सर्वत्र चालतं, त्यात गैर काही नाही; बाहेरच्या माणसाला मात्र ‘आय ॲम हॅविंग अ प्रॉब्लेम विथ माय लॉगिन’ जास्त ओळखीचं वाटेल. ‘फेस’ मोठ्या गोष्टींना शोभतो: टीका, विरोध, टंचाई, कारवाई, आव्हान. वायफाय चालत नाही याला ‘फेस’ जरा जडच होतो.

आणखी एक बारकावा. बातमीत ‘ही फेसेस जेल’ लिहिलेलं असतं तेव्हा तो माणूस अजून तुरुंगात गेलेला नसतो. ‘द मिल फेसेस क्लोझर’ म्हणजे गिरणी बंद झालेली नाही, बंद होण्याची टांगती तलवार आहे. म्हणजे शिक्षा, बंदी, बरखास्ती अशा गोष्टींबरोबर ‘फेस’मध्ये पुढचा धोका आधीच असतो. तिथे ‘मे फेस’ लिहिलं की धोका आणखी एक पायरी लांब जातो: तलवारही अजून टांगलेली नाही, टांगली जाऊ शकते. बातमीचं भाषांतर करणाऱ्यांनी ही पायरी जपायला हवी.

मराठीत ‘सामोरं जाणे’, ‘तोंड देणे’ यांत थोडी हिंमत गृहीत आहे. ‘फेस’मध्ये दोन्ही आहे, नुसतं समोर येणंही आणि धैर्याने उभं राहणंही. ‘टॅकल’, ‘डील विथ’, ‘कोप विथ’, ‘ओव्हरकम’ यांत मात्र फक्त पुढचा भाग आहे: हाताळणं, निभावणं, मात करणं. म्हणून ‘अडचणी येऊ शकतात’साठी ‘यू मे टॅकल प्रॉब्लेम्स’ हे चूक आहे. त्यातून अडचणी सुटल्याचा भास होतो.

‘एन्काउंटर’ औपचारिक आहे आणि तोही थेट कर्म घेतो. ‘एन्काउंटर विथ’ फक्त नाम असताना: ‘ॲन एन्काउंटर विथ अ लेपर्ड’. क्रियापद असताना ‘विथ’ काढा. मुंबईच्या बातम्यांमुळे आपल्याला या शब्दात गोळीबार ऐकू येतो, पण मूळ इंग्रजीत तसं काही नाही. मॅन्युअल, अहवाल, प्रबंध यांत ‘इफ यू एन्काउंटर ॲन एरर’ हे ठरलेलं वाक्य आहे.

‘रन इनटू’ म्हणजे चालत्या कामात अचानक आडवी येणारी अडचण. ‘ट्रबल’, ‘प्रॉब्लेम्स’, ‘डिफिकल्टीज’, ‘बॅड वेदर’ यांच्याशी त्याची सोयरीक जमते. बोलण्यात आणि मेलमध्ये उत्तम. ‘इनटू’ पूर्ण लिहा, नुसता ‘इन’ नको. भूतकाळ ‘रॅन इनटू’, पण ‘मे हॅव’नंतर पुन्हा ‘रन इनटू’. माणूस कर्म असेल तर ‘अचानक भेटणे’ आणि आकडा असेल तर ‘च्या घरात जाणे’: ‘द बिल कुड रन इनटू लाख्स’. नुसतं ‘सापडणे, वाचताना दिसणे’ असेल तर ‘कम अक्रॉस’. त्यात अडल्याचा भाव नाही. ‘हिट अ स्नॅग’ लहानशा अनपेक्षित अडथळ्याला. ‘कम अप अगेन्स्ट’ हटत नाही अशा गोष्टीला, जसं लालफीत किंवा विरोध.

‘एक्सपीरिअन्स’ ही सेवा देणाऱ्यांची आवडती भाषा: ‘यू मे एक्सपीरिअन्स स्लाइट डिलेज’. त्यात दोष कोणाचा हे झाकलं जातं, म्हणून बँका आणि विमान कंपन्यांना ती सोयीची. शारीरिक त्रासालाही योग्य: ‘यू मे एक्सपीरिअन्स सम डिस्कम्फर्ट’. ‘सफर’ला हानी लागते: ‘सफर अ लॉस’, ‘सफर अ सेटबॅक’, आजाराला ‘सफर फ्रॉम’. ‘सफर अ डिफिकल्टी’ होत नाही. ‘अंडरगो’ शस्त्रक्रिया, प्रशिक्षण, बदल यांसाठी, अडचणीसाठी नाही. शेतमालाच्या बातम्यांतलं ‘फटका बसू शकतो’ याला ‘मे फेस अ ब्लो’ करण्यापेक्षा ‘कुड बी हिट बाय’ घ्या: ‘अनियन ग्रोअर्स कुड बी हिट बाय द एक्स्पोर्ट बॅन’.

‘स्ट्रगल टू’ मला वाटतं आपण फार कमी वापरतो. ‘स्ट्रगल’ म्हणजे करिअरचा संघर्ष असं आपल्या डोक्यात आहे. इंग्रजीत ‘मेनी फॅमिलीज मे स्ट्रगल टू पे द फीज’ म्हणजे फी भरताना मेटाकुटीला येतील, एवढंच. ‘फेस प्रॉब्लेम्स इन पेइंग द फीज’पेक्षा हे शंभरपट जिवंत.

नामानंतर काय?

‘हॅव डिफिकल्टी’ आणि ‘हॅव ट्रबल’ यांच्यानंतर क्रियापद ‘आयएनजी’ लावून येतं. ‘यू मे हॅव डिफिकल्टी फाइंडिंग द हाउस.’ मध्ये ‘इन’ घातला तरी चालतो, ‘टू’ नाही. ‘डिफिकल्टी टू फाइंड’ ही चूक ‘शोधायला अडचण’मधल्या ‘ला’मुळे होते. नंतर वस्तू असेल तर ‘विथ’: ‘डिफिकल्टी विथ द लॉक’. या रचनेत ‘डिफिकल्टी’ एकवचनी राहतो. ‘ट्रबल’ला तर ‘अ’ही लागत नाही आणि ‘एस’ही नाही. ‘प्रॉब्लेम’ मात्र मोजता येतो, म्हणून ‘अ प्रॉब्लेम’ किंवा ‘प्रॉब्लेम्स’. ‘यू मे हॅव प्रॉब्लेम’ अर्धवट. ‘हॅव ट्रबल’ म्हणजे जमायला कठीण जाणं, आणि ‘गेट इनटू ट्रबल’ म्हणजे काहीतरी केल्यामुळे गोत्यात येणं. ‘तुम्ही अडचणीत येऊ शकता’ हा इशारा असेल तर दुसरं.

‘इफ’, ‘शुड’, ‘इन केस’

‘काही अडचण आल्यास’ यात शक्यता ‘इफ’नेच सांगितली. म्हणून ‘इफ यू मे फेस एनी प्रॉब्लेम’ यातला ‘मे’ उडवा: ‘इफ यू हॅव एनी प्रॉब्लेम, प्लीज कॉल’. औपचारिक पत्रात ‘शुड यू हॅव एनी डिफिकल्टी’ असं ‘शुड’ पुढे घेतात. तिथे ‘पाहिजे’चा अर्थ नाही. पण शब्द उलटे झाले आणि ‘यू शुड हॅव एनी डिफिकल्टी’ लिहिलं गेलं, तर वाक्य मोडतंच, शिवाय तुम्हाला अडचण यायलाच हवी असा सूर लागतो. ‘इन केस’ खबरदारीसाठी: ‘कीप द रिसीट इन केस यू हॅव अ प्रॉब्लेम लेटर’, पुढे अडचण आली तर असावी म्हणून पावती आत्ताच जपून ठेवा.

एक वाक्य जवळून

‘ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन अर्ज भरताना अडचणी येऊ शकतात.’ नेहमी होतं ते भाषांतर: ‘टू द रूरल एरिया स्टुडंट्स डिफिकल्टीज कॅन कम व्हाइल फिलिंग ऑनलाइन फॉर्म’. आधी तोंडाशी माणूस आणा: ‘स्टुडंट्स फ्रॉम रूरल एरियाज’. मग शक्यता. ‘कधी कधी’ घालून पाहिलं तर बसतं, ‘कदाचित’ही बसतं, कारण वाक्य सर्वसाधारण इशाऱ्याचंही होऊ शकतं आणि या वर्षीच्या प्रवेशाचंही. पत्र या वर्षीचं आहे, म्हणून ‘मे’. आता काम जमायला कठीण जातंय, म्हणून ‘हॅव डिफिकल्टी’ आणि त्यानंतर ‘आयएनजी’. झालं: ‘स्टुडंट्स फ्रॉम रूरल एरियाज मे हॅव डिफिकल्टी फिलिंग इन द ऑनलाइन फॉर्म’. ‘व्हाइल’ची गरजच उरली नाही. कारण नेटवर्क असेल आणि ते सांगायचं असेल तर ‘पुअर कनेक्टिव्हिटी मे मेक इट डिफिकल्ट फॉर स्टुडंट्स इन रूरल एरियाज टू फिल इन द फॉर्म’.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नातल्या निबंधात, जो किमान २५० शब्दांचा असतो, ‘फेस प्रॉब्लेम्स’ चारदा येणं नेहमीचंच. शब्दसंपत्तीला तिथे एक चतुर्थांश गुण आहेत आणि व्याकरणाला तितकेच. अनेक जण मग ‘फेस’ खोडून ‘एन्काउंटर’, ‘एन्काउंटर’ खोडून ‘कन्फ्रंट’ करतात. समानार्थी शब्द बदलण्याऐवजी वाक्याचं तोंड बदला: एकदा माणूस, एकदा कारण, एकदा ‘इट’. दोन्हीकडचे गुण सुधारतात.

भूतकाळाची शक्यता

‘अडचण आली असेल’ हे ‘मे हॅव हॅड’: ‘यू मे हॅव हॅड ट्रबल फाइंडिंग द प्लेस’. दोन ‘हॅव’ ऐकून लोक बिचकतात, पण पहिला सहायक आहे आणि दुसरा खरा. ‘माइट हॅव’ बोलताना ‘माइटव्ह’ असं ऐकू येतं. म्हणून कोणी ‘माइट ऑफ’ लिहितात, ते चूक. ‘आली असती, पण आली नाही’ असेल तर ‘माइट हॅव’ किंवा ‘कुड हॅव’ घ्या, ‘मे हॅव’ नको: ‘विदाउट द टँकर्स, द व्हिलेज माइट हॅव फेस्ड अ सीरिअस शॉर्टेज’. इथे ‘मे हॅव’ लिहिलं तर टंचाई झाली की नाही हे वाचणाऱ्याला कळत नाही.

आणि ‘त्याला वाटलं होतं, अडचण येईल कदाचित’ अशा वाक्यात ‘मे’चा ‘माइट’ होतो, कारण ‘माइट’ मुळात ‘मे’चं भूतकाळी रूप आहे: ‘ही थॉट ही माइट हॅव ट्रबल’.

‘मे’ आणि ‘मे हॅव’ यांतला फरक सूचनेच्या फलकावर रोज लागतो. रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना आदल्या दिवशी लावायची असेल तर ‘वी रिग्रेट एनी इनकन्व्हीनिअन्स धिस मे कॉज’. ब्लॉक उरकल्यावर सोमवारी माफी मागायची असेल तर ‘एनी इनकन्व्हीनिअन्स धिस मे हॅव कॉज्ड’. ‘इनकन्व्हीनिअन्सेस’ नाही, हा शब्द इथे एकवचनीच ठेवायचा.